सुसर, कोआला आणि तुलनात्मक तक्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
बावन्नाव्या वर्षी, रेल्वेच्या स्टोअर्स खात्यातल्या अधिकाऱ्याला स्वतःच्या घरात उभ्याने पोहे खावे लागले. नोंद असावी. जेवणाच्या टेबलावर सुसर आहे, अर्धी रंगवलेली. शेजारी कोआला. वेदिकेला शाळेत हिंदीत पाच मिनिटं बोलायचंय: संकटातल्या दोन प्राण्यांची तुलना. पोरगी आजवर वर्गात तोंड उघडत नव्हती. यंदा स्वतःहून नाव दिलंय. उत्तरेतच वाढलेली, म्हणून घरीही हिंदीच. म्हणाली, पापा, एक बार पूरा सुन लीजिए, बस. ऐकणार. मध्ये बोलणार नाही.

संध्याकाळी
पहिल्याच वाक्याला थांबवावं लागलं. घड़ियाल नदी में रहता है, अशी सुरुवात. प्रस्तावना नको? तीस वर्षं टेंडरं पाहिलेल्या माणसाला तुलना शिकवू नये. तक्ता करून देतो म्हणालो.

५ नोव्हेंबर
सुट्टी सत्कारणी. तक्ता तयार. सुसर: आहार मासे, नदी वाहती हवी. कोआला: फक्त निलगिरीची पानं, पर्यायी आहार दाखवलेला नाही, दिवसाचा बराच वेळ झोप. तांत्रिकदृष्ट्या अपात्र. हेमा म्हणाली, अहो, त्या बिचाऱ्याची जंगलं जळतायत आणि तुम्ही त्याला टेंडरमधून काय काढताय. बायकोशी तांत्रिक चर्चा नको. वेदिका तक्ता बघून अच्छा म्हणाली. भारावली असावी.

६ नोव्हेंबर
पुन्हा ऐकायला बसलो. दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो. प्रगती आहे. मग म्हणालो, भाषण हिंदीत कर, पण विचार मराठीत हवा. तिने कागद मिटला. मराठीत विचार करत असावी.

९ नोव्हेंबर, रविवार
आज तिला कुकरैलच्या सुसर-पैदास केंद्रात खऱ्या सुसरी दाखवायच्या होत्या. नाश्त्यानंतर जरा आडवा झालो. उठलो तर घरात कोणी नाही. फोन केला. हेमा म्हणाली, तुमचा कोआला झाला होता, म्हणून आम्ही ऑटो करून आलो. मागे वेदिका हसत होती. आमच्या वृंदावन योजना वसाहतीपासून एवढ्या लांब दोघीच गेल्या, आणि तक्ता टेबलावरच विसरल्या.

१२ नोव्हेंबर
भाषण झालं. मीटिंगमुळे जाता आलं नाही. मीटिंग रद्द झाली होती, पण तोवर मी मनाने तिच्यात गुंतलो होतो. हेमाने सांगितलं, पोरगी कुठेही अडखळली नाही. म्हणे, सुसरीचा नर ढीगभर पिल्लं पाठीवर घेऊन नदीत राखण करतो. कोआलाची आई एकच पिल्लू आधी पिशवीत, मग पाठीवर वागवते. नदी आटली, झाडं गेली, तर या पाठी कुठे टेकायच्या, असं विचारून ती खाली बसली.
तक्त्यात मुलांच्या संगोपनाचा रकाना होता. जागा पुरेना म्हणून मीच काढला होता.

१४ नोव्हेंबर
उद्या तेच भाषण सगळ्या शाळेपुढे. वेदिका बाल्कनीत, कुंड्यांसमोर सराव करत होती. मी खुर्ची घेऊन गेलो. ती थांबली. आप बोलेंगे? नाही म्हणालो. तिने कुंड्यांकडे तोंड केलं आणि सुरू केलं.
प्रस्तावना अजून नाही. गप्प राहिलो. शेवटी ती म्हणाली, हो गया पापा, अब आप जाइए.
गेलो. ३ तारखेला ऐकायची कबूल केलेली पाच मिनिटं होती, ती दिली.