आमचा मुलगा दुसरा आहे, पहिला नव्हे

प्रति,
मा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी,
नगरपालिका, कासाल्व्हेको (पो नदीकाठ)

विषय : मुलाचे नाव ‘प्रीमो’ऐवजी ‘सेकोंदो’ करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कारकुनांनी तीनदा दिलेला तोंडी नकार.

महोदय,

१. मी आर्जिया फिनोत्ती, वय ४६, धंदा जाळी विणणे. शाळेत गेलेले नाही, अक्षरे बियाण्यांच्या पुड्यांवरून शिकले. चूकभूल पोटात घालावी.

२. आमच्याकडे मुलगे मोजून नावे ठेवतात. प्रीमो म्हणजे पहिला, सेकोंदो म्हणजे दुसरा. मास्तर म्हणतात, जुने रोमन लोकही असेच करीत. माझे यजमान क्विंतो, म्हणजे पाचवे. त्यांचा तिसरा भाऊ तीन दिवसांत गेला, म्हणून कोणी चौथ्याला तिसरा केले नाही. गेलेल्याचा आकडा त्याचाच राहतो.

३. १९५१ च्या पुरात, नावेत, मला मुलगा झाला. सुईण ओत्ताव्हियाबाईंनी पुराच्याच पाण्याने बाप्तिस्मा देऊन त्याचे नाव ‘प्रीमो’ ठेवले. तो तासभर जगला. त्याला बांधावर पुरले. पुढे बांध नवा झाला, खूण राहिली नाही. नोंद का केली नाही, असे कारकून विचारतात. त्या दिवशी आपले कार्यालयच पाण्याखाली होते, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

४. दोन वर्षांनी दुसरा झाला. यजमान ‘सेकोंदो’ नाव लिहवायला आले, तेव्हा कारकून हसून म्हणाले, “क्विंतोभाऊ, आनंदात मोजणी चुकली की! घरात एकच तर आहे.” आणि लिहिले ‘प्रीमो’. यजमान तशीच सही करून परत आले.

५. मग मी खेपा घातल्या. “अहो बाई, पहिला म्हणून मिरवू द्या की लेकराला! दुसरा म्हणवून घ्यायची कसली हौस?” कारकून मनाने चांगले आहेत. शेवटच्या खेपेला म्हणाले, “पहिला होता, याचा कागद आणा.”

६. घरी आम्ही त्याला सेकोंदोच म्हणतो. पण ऑक्टोबरपासून तो शाळेत जाईल. मास्तर हजेरीला ‘प्रीमो’ पुकारतील, आणि हा ‘हजर’ म्हणेल. रोज म्हणेल. काही वर्षांत गावाच्या लेखी आमचा प्रीमो तो एकच झालेला असेल.

सबब नाव बदलून मिळावे. नियमात बसत नसेल, तर आपल्या वहीत माझ्या मुलाच्या ओळीच्या वर नखाएवढी फट आहे, ती मी पाहिली आहे. तिथे शाईचे एक टिंब द्यावे. नाव लिहू नये, तारीख लिहू नये. तेवढ्यात तो मावेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आर्जिया फिनोत्ती
१४ सप्टेंबर १९५९

सोबत : ओत्ताव्हियाबाईंचा जबाब, अंगठ्यानिशी.