कासवापाशी अडले

१० फेब्रुवारी
लिहायला भाग पडलं, कारण बोलायची सोय उरली नाही. मेष्ट्रूंच्या, म्हणजे मास्तरांच्या, योगशाळेत बोलायला बंदी. घरात विषय काढला की हे हसतात. मराठी या घरात माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही, म्हणून मराठीत. म्हैसूरला सून होऊन आले, इथेच शिकवलं, इथेच निवृत्त झाले. राग मात्र अजून मराठीतच येतो.

तर, नंजुंडय्या मेष्ट्रूंनी आज जाहीर केलं, युगादीला, आपल्या पाडव्याला, शाळा बंद. वय झालं. आणि मी गेल्याच्या गेल्या दसऱ्यापासून सुप्त कूर्मासनाशी अडलेली! नियम साधा आहे. जिथे अडाल तिथेच थांबायचं. जमलं की पुढचं आसन मेष्ट्रु स्वतः देतात. मागून मिळत नाही. शेजारच्या चटईवरची पुट्टलक्ष्मी, निवृत्त नर्स, केव्हाच पुढे गेली. मी कासवापाशी.

युगादीच्या आत हवं. त्यांच्याच हातून हवं.

११ फेब्रुवारी
नाही.

१४ फेब्रुवारी
पाय खांद्यांवरून, कपाळ जमिनीला, हात पाठीमागे — आणि बोटांत बोटं. ती भेटत नाहीत. वरून मेष्ट्रूंचा आवाज, "हिडी! हिडी!" धर, धर! एरवी मेडम-मेडम करणारा माणूस एकेरीवर येतो, याचाही राग येतो. धरायला जाते, ओढते. खांद्यात कळ.

बाहेर आल्यावर म्हणाले, "मेडम, कॉलेजात शिकायला तुम्ही एकट्याच गेलात. खांद्यांना नाही नेलंत?" पुट्टलक्ष्मी फिसकन हसली. बोलायला बंदी, हसायला नाही!

घरी हे म्हणाले, "हात मागे बांधून घ्यायचेत ना? पोलीस चौकीत जा. फुकट बांधतील."

१९ फेब्रुवारी
पौर्णिमा, शाळेला सुट्टी. एरंडेल चोळून न्हाले. वेणी घालता आली नाही.

३ मार्च
जमलं नाही, पण एक गोष्ट लिहून ठेवते. आत गेलं की पोटऱ्यांनी कान झाकले जातात. बाहेरचं सगळं दूर जातं, आणि आपलंच रक्त ऐकू येतं — आड भरताना पाणी वाजावं तसं. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. देठातून पाणी कसं चढतं ते फळ्यावर काढून दाखवलं. माझ्या आत हे असं अखंड चाललंय, हे कधी ऐकलंच नव्हतं. बाहेर यावंसं वाटेना.

१४ मार्च
आजचं आजच लिहिते.

आज आत शिरले. वरून — हिडी! ओढलं. पुन्हा — हिडी! आणखी ओढलं. मग मेष्ट्रु खाली बसले, माझ्या पोटरीखाली बोट सारून कान मोकळा केला आणि त्यात म्हणाले,

"बिडी, मेडम. बिडी! घसा बसला माझा!"

बिडी. सोडा!

ते सोडा म्हणत होते, मी धर ऐकत होते. सगळा संसार कन्नडात केला आणि एका अक्षराला फसले!

सोडलं. खांदे आपोआप खाली उतरले, पाठ कुठेतरी उघडली, आणि बोटांना बोटं लागली. माझीच, पण दुसऱ्या कुणाची तरी वाटावीत अशी. बराच वेळ तशीच होते. रडले. लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही.

चपला घालताना पुट्टलक्ष्मी म्हणाली, "अक्का, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही. प्राध्यापकांचा हट्ट!"

१५ मार्च
आजही!

२९ मार्च
रोज जमतं. रोज नवल वाटतं. नवल जुनं कसं होत नाही?

पुढचं आसन मात्र देत नाहीत. शेवटी नियम मोडून विचारलं, "मेष्ट्रे, काय चुकतंय?"
"काही नाही."
"मग?"
"मग काही नाही."

६ एप्रिल, युगादी
परवा शेवटचा वर्ग झाला. सगळे पाया पडले. मला काही मिळालं नाही. कडुनिंब-गूळ वाटताना हे म्हणाले, "तुझ्या वाट्याला यंदा नुसता कडुनिंब." मी हसले नाही. मग त्यांनीच गुळाचा मोठा खडा हातावर ठेवला.

८ एप्रिल
मेष्ट्रूंचा निरोप — सकाळी एकट्या या. गेले. सगळ्या चटया गुंडाळलेल्या, एकच पसरलेली, तिच्यावर ते. मी माझी सोडायला लागले, तर म्हणाले, "राहू दे, मेडम. बायको होती तोवर ती पाठीमागे माझे हात बांधायची. ती गेल्यापासून हे आसन केलं नाही. ज्याला त्याला हात कसे द्यायचे? आत जाऊन आलेलं माणूस हवं होतं." आणि कासवात शिरले. त्यांना आसनात मी पहिल्यांदाच पाहत होते.

दिले: आधी उजवा हात, मग डावा. दोन्ही मी घेतले.