मखमलची मान

मंगळवार, २ जून

शनिवारच्या नोंदीत एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मखमल माझ्याकडे बघून कुत्सित हसला. तो आरशात बघत होता. आरशात मी होते, गिऱ्हाईक होतं आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळही होतं. हसू नेमकं कुणासाठी होतं, हे खात्रीने सांगता येत नाही. 'डोळे सापासारखे' हेही खोडते. डोळे साधे आहेत. डावा जरा बारीक. बाकी सगळं कायम: माणूस नीच आहे, आणि मी सूड घेणार आहे.

कारण पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे राग थंड झालाच तर वाचता येईल. मे महिन्यात वकीलसाहेब माझ्या खुर्चीत दाढीला बसले. मी केसांच्या दिशेने वस्तऱ्याचा एक हात फिरवला, व्यवस्थित, आणि गरम टॉवेल आणायला आत गेले. तेवढ्यात मखमलने माझा वस्तरा उचलला आणि फेस न लावता, कोरड्यावरच, खालून वर दुसरा हात मारला. वर म्हणाला, "मखमलसारखा गाल करून देतो, साहेब!" हे तो प्रत्येकाला म्हणतो. नाव त्यावरूनच पडलं. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांची मान पुरळाने भरली. खुर्ची माझी, म्हणून पुरळही माझं. मखमल बाजूला उभा राहून कंगवे पुसत होता. दुकानाच्या मालकीणबाईंनी मला टॉवेल तापवायला आणि गल्ल्यावर बसवलं.

आणि खिडकीजवळची खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. ती मूळची बाबांची. तिथे उजेड बाजूने येतो, केस कुठल्या अंगाला झोपलेत ते दिसतं. हात थरथरायला लागला तेव्हा बाबांनी मालकीणबाईंना सांगितलं होतं, माझ्यानंतर छोटी. (दुकानात बाबांना मोठे म्हणायचे, म्हणून मी छोटी.) रोज संध्याकाळी ते फिरायला निघतात, त्या खिडकीपाशी थांबतात, आत बघतात आणि पुढे चालू लागतात.

याची भरपाई मी मखमलकडून करून घेणार.

शुक्रवार, ५ जून

मोठी बातमी. मालकीणबाईंनी जाहीर केलं, खिडकीची खुर्ची कुणाची ते एक जुलैला ठरणार. उमेदवार दोन, मखमल आणि मी. माझं नाव घ्यायच्या आधी त्या जरा थांबल्या, पण घेतलं. मग चष्मा कपाळावर सरकवून मखमलला म्हणाल्या, "अरे, स्वतःची मान बघितलीस का? किसणीवर घासल्यासारखी. तुला खिडकीत बसवलं तर रस्त्यावरचे लोक आत येतील की पळत सुटतील?"

ऐकताना इतकं बरं वाटलं की मोड मोजायला चुकले.

त्याची मान खरंच वाईट आहे. कुरळे केस, घाईचा हात, आणि पुळी दिसली की नखाने उकरायची सवय. ती झाकायला गळ्यापर्यंत बटणं लावून हिंडतो.

दुकान बंद करताना त्याने मला मागच्या नळापाशी गाठलं. म्हणाला, "छोटे, एक काम करशील? माझी मान तू कर. मला स्वतःची जमत नाही. तुझा हात मोठ्यांवर गेलाय." आणि लगेच, "पण कुणाला सांगायचं नाही हं. शपथ घे." मी शपथ घेतली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसात, दुकान उघडायच्या आधी.

शत्रू आपल्या पायाने चालत आला. डोकं मागे टाकून, गळा उघडा करून, माझ्यासमोर बसणार! मला हसू आवरेना, म्हणून नळ जोरात सोडला.

योजना: जुनं ब्लेड. कोरडी कातडी. उलटा हात. वर झोंबणारं लोशन. म्हणजे बाबांनी शिकवलेलं सगळं, फक्त उलटं. एक जुलैला मालकीणबाई ती मान बघतील आणि खुर्ची माझी.

मंगळवार, ९ जून

निघताना आई म्हणाली, "कुणाशी भांडायला निघालीस? डबा राहिला." चेहऱ्यावर दिसतं की काय? यापुढे निघण्याआधी आरशात बघायचं.

जुनं ब्लेड ड्रॉवरमधून काढून ठेवलं होतं. उजेडात धरलं तर कडेला गंजाचा ठिपका. गंजाने जखम चिघळते. ताप येतो. हा सूड नाही, हा आजार झाला. मला पुळ्या हव्यात, पाप नको. म्हणून नवीन ब्लेड लावलं. वाईट दाढी नव्या ब्लेडनेही करता येते. पण कोऱ्या ब्लेडने घाण काम करायला हात धजेना, म्हणून आज नीट केली.

आजची धरायची नाही.

शुक्रवार, १२ जून

आज गरम टॉवेल द्यायचाच नाही असं ठरलं होतं. केस ताठ, कातडी थंड, वस्तरा अडत अडत जाणार. पण टॉवेल मीच तापवते, आणि सातलाच तापवून ठेवले होते. वाफ निघत होती. मखमलने न विचारता एक उचलून तोंडावर घेतला आणि "आहाहा" म्हणाला. आता तोंडावरून ओढून काढू?

विचार केला तर हे चांगलंच झालं. शत्रू सैल पडला पाहिजे. मऊ झालेल्या कातडीवर फेस दोन मिनिटं मुरू दिला, तोही त्याने सैल पडावं म्हणूनच.

रविवार, १४ जून

बाबांची दाढी केली. आता त्यांना कप धरतानाही दोन हात लागतात. मी लहान असताना ते गालाला फेस लावून बसायचे आणि माझ्या हातात चमचा द्यायचे. चमच्याच्या दांड्याने सगळा फेस उतरवायचा, आणि त्यांना कळता कामा नये. कळलं की म्हणायचे, "लागलं. परत." वस्तरा हातात यायला दोन वर्षं गेली. आजही डोळे मिटून म्हणाले, "केस काढ. कातडी माझ्याकडेच राहू दे."

मग विचारलं, खुर्चीचं काय झालं? म्हटलं, एक तारखेला कळेल, तुम्ही निश्चिंत राहा. ते म्हणाले, "मी निश्चिंतच आहे, तुझाच पाय हलतोय."

मंगळवार, १६ जून

उलटा हात मारायचा तर सुलटी दिशा आधी माहीत हवी. हे माझ्या आधीच कसं लक्षात आलं नाही? म्हणून आज कोरड्या मानेवरून बोट फिरवून पूर्ण नकाशा काढला. डावीकडे केस खाली जातात. उजवीकडे आडवे, कानाकडे. कंठाच्या खाली एक भोवरा आहे, तिथे ते स्वतःभोवतीच फिरतात. तिथेच सगळ्यात जास्त पुळ्या. तो मूर्ख इतकी वर्षं सगळीकडे एकच हात मारतोय!

नकाशा इतका पक्का झाला की वस्तरा आपोआप त्याच वाटेने गेला. लहान लहान हात, दाब नाही, कातडी फार ताणली नाही. ताणली की केस आत ओढला जातो आणि तिथेच उलटा वाढतो. हा अभ्यास समजायचा. कुठलाही सूड अभ्यासाशिवाय होत नाही.

मखमल म्हणाला, "आज आग नाही झाली गं." म्हटलं, होईल.

शुक्रवार, १९ जून

लोशनचा दिवस. हिरवी बाटली, मागच्या फळीवरची, जिच्या वासानेच डोळ्यांत पाणी येतं. त्याला लावण्याआधी माझ्या मनगटावर एक थेंब लावून पाहिला. किती झोंबतं ते माहीत असायला हवं. माणसाला काय देतोय ते देणाऱ्याला कळलं पाहिजे.

फार झोंबतं.

मखमलला गार पाणी आणि कोरड्या टॉवेलने नुसतं टिपणं, एवढ्यावर सोडावं लागलं, कारण मी नळाखाली हात धरून उभी होते. दुपारपर्यंत मनगट लाल, त्यावर बारीक पुरळ. संध्याकाळी आईने पाहिलं आणि विचारलं, कुणी केलं हे? मी म्हटलं, मखमलने. तत्त्वतः ते खरं आहे.

मंगळवार, २३ जून

दाबून वस्तरा मारायचं ठरलं होतं. त्याला सर्दी झाली होती. दाबलं आणि नेमकी शिंक आली तर? मला मान खराब करायची आहे, गळा नाही.

एक गोष्ट मात्र धूर्तपणे साधली. म्हटलं, ती वरची बटणं उघडी ठेवत जा, आणि नखं लावू नका. पुढे माझं काम झालं की ते कॉलरमागे लपता कामा नये. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." गाढव.

शुक्रवार, २६ जून

आज वस्तरा बरोबर कंठावर असताना मखमल बोलायला लागला. मी म्हटलं, हलू नका. तो ओठ न हलवता बोलत राहिला. म्हणाला, "त्या दिवशी वकीलसाहेबच म्हणाले होते, जरा खालून वर फिरव. मी फिरवला. तुझ्यावर आलं तेव्हा मी बोलायला हवं होतं."

हात थांबला. पाच महिने वाट बघावी अशी संधी, आणि मला तर पाच आठवडेच झाले होते. गळा समोर, कबुलीजबाब समोर. मी विचारलं, मग मालकीणबाईंना सांगाल? तो म्हणाला, "सांगेन की. एक तारखेनंतर."

एक तारखेनंतर!

राग इतका आला की हात अगदी स्थिर झाला. रागात हात स्थिर होतो हे मला माहीत नव्हतं. भोवऱ्यावरून इतका हलका हात आजवर गेला नव्हता. शेवटचा वार मंगळवारी. आता दया नाही.

मंगळवार, ३० जून. सकाळी सहा

आज. उलटा हात, फेस न लावता, दोनदा. नंतर हिरवी बाटली. उद्या सकाळी मालकीणबाईंसमोर ती मान पेटलेली दिसेल. कारण मनात घोकलं. आरशात बघितलं, चेहरा शांत आहे. डबा घेतला.

मंगळवार, ३० जून. दुपारी

टॉवेल बाजूला केला तर मानेवर एकही पुळी नाही. एकही. कंठाखालीसुद्धा नाही. खिडकीतून उजेड येत होता आणि सगळी कातडी एका रंगाची. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. मखमल म्हणाला, "झाली का?" म्हटलं, सुरूच नाही केली.

मग केली. कशी ते लिहीत नाही.

शांतपणे विचार करता हेच योग्य होतं. आदल्या दिवशी मान बिघडली असती तर त्याला लगेच माझा संशय आला असता. आणि आत्ता तो जमिनीवर आहे. आधी जरा वर चढू दे. उंचावरून पडला की जास्त लागतं.

बुधवार, १ जुलै

खुर्ची मखमलला.

मालकीणबाईंनी त्याला खिडकीत नेलं, हनुवटी दोन बोटांनी वर केली, मान इकडून बघितली, तिकडून बघितली. म्हणाल्या, "ही तुझीच मान आहे ना रे? महिन्यात काय जादू केलीस?" मखमलने आरशातून माझ्याकडे बघितलं. (या वेळी नक्की माझ्याकडेच.) आणि म्हणाला, "काही नाही, पाणी उकळून घेतो हल्ली."

पाणी!

मी टॉवेलची घडी घालत होते. शपथ घेतलेली. बोलता आलं असतं, तोंड होतं, आवाज होता. पण शपथ मोडून खुर्चीत बसले असते तर वस्तरा धरताना रोज तेच आठवलं असतं. मालकीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, नाराज होऊ नकोस. याच्याकडून शिकून घे थोडं."

संध्याकाळी बाबा खिडकीपाशी थांबले. मी गल्ल्यावरून बघत होते. खुर्चीत मखमल, वरची दोन बटणं उघडी. बाबांनी काचेला जवळजवळ नाक लावलं. बघतच राहिले.

जेवून ताट सरकवल्यावर बाबा म्हणाले, "त्याच्या मानेवर कुणीतरी काम केलंय. भोवरा ओळखून केलंय." मी म्हटलं, मला काही माहीत नाही. बाबा म्हणाले, "ज्याने केलंय त्याला सांग, डाव्या कानाच्या खाली, कोपऱ्यात, हात अजून जरा जड पडतोय. तिथे लाल आहे." आणि हात धुवायला उठले. आई मला म्हणाली, "डोळे पूस आणि भांडी आण."

रविवार, ५ जुलै

शुक्रवारी मखमल आला, जणू काही झालंच नाही. "छोटे, नेहमीसारखं?" आता तर रोज खिडकीत बसायचं, लोक बघणार, म्हणून मान कायम अशीच हवी म्हणाला. आणि मालकीणबाईंना सांगणार होता त्याचं? "सांगतो गं. जरा खुर्ची अंगवळणी पडू दे."

अंगवळणी!

ठीक आहे. आता तो खरोखर उंचावर आहे, रस्त्यावरून दिसेल इतका. आणि पडायला हवा तो दिवसही चालून आला आहे: मंगळवारी, चौदा तारखेला, खिडकीवरच्या नव्या बोर्डासाठी त्याच्या चेहऱ्याचा फोटो काढणार आहेत. फोटो नऊला. दाढी साडेसातला, माझ्या हातात.

परवाच, सात तारखेला, का नाही, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर साधं आहे. बाबा म्हणाले तो डाव्या कानाखालचा कोपरा खरंच लाल आहे, मी शुक्रवारी निरखून पाहिला. आधीच लाल असलेल्या जागेवर लाल केलं तर सूड दिसणार कसा? लोक म्हणतील, जुनंच आहे. म्हणून सातला आणि दहाला तो कोपरा बरा करून घ्यायचा: तिथे नुसता वस्तऱ्याचा भार, हाताचा नाही, आणि एकच हात. आज बाबांच्या गालावर तेवढाच सराव केला. ते म्हणाले, "आता बरोबर." मी म्हटलं, काय बरोबर? त्यांनी दुसरा गाल पुढे केला.

मान पूर्ण स्वच्छ झाली, एक डाग राहिला नाही, की मग बघा.

दिवस ठरला: मंगळवार, १४ जुलै, सकाळी साडेसात.