दहा मशीनगन आणि एक सही

प्रिय ठमे,

तुझी आई म्हणते, पोरीला फोन लावायचा सोडून हा माणूस कागद काळे करत बसलाय. पण फोनवर मला धड बोलता येत नाही. मी घसा खाकरून सुरुवात करेपर्यंत तू ‘बरं, ठेवते बाबा’ म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. आम्ही दोघं मजेत आहोत. आईने नवा चष्मा केला आणि आता तिला माझे सगळे दोष स्पष्ट दिसायला लागलेत.

तू चौथीत होतीस तेव्हा मी सैन्याच्या कार्यशाळेत तपासनीस होतो, आठवतं? त्या वर्षी परदेशातून मशीनगन आल्या. थंड मुलखात घडलेल्या. जाड हातमोजे घालूनही चालवता याव्यात म्हणून चापाभोवतीची कडी ऐसपैस, आणि लाकडी दस्ता त्यांच्या धिप्पाड गड्यांच्या मापाचा. आपल्या जवानांनी तो खांद्याला लावला की मान ताणून ताणून जीव जायचा. आम्ही दस्ते दोन-दोन बोटं कापले, धूळ आत जाऊ नये म्हणून पत्र्याची झाकणं बसवली, नेम धरायच्या पट्टीवर आपले आकडे कोरले. सगळ्यात नाजूक काम नळीचं. आपलं काडतूस वेगळं, म्हणून नळ्याच बदलल्या. नवी नळी बसली की काडतुसाच्या बुडाशी किती फट राहते, ते प्रत्येक बंदुकीत माप घालून बघायचं. फट केसभर जास्त झाली तरी काडतूस आतच फुटतं. मी घरी येऊन हे रंगवून सांगायचो आणि तू माझ्या तोंडावर जांभया द्यायचीस.

एका दुपारी शेवटच्या दहा राहिल्या होत्या. ट्रक दारात उभा. आमचे साहेब म्हणाले, “अहो, तीनशे बरोबर निघाल्या, या दहा काय वेगळ्या असणार? करा सही.” मी केली. त्या दहांमध्ये मी माप घातलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सरावात त्यातली एक फुटली. चालवणाऱ्या जवानाचा उजवा डोळा गेला. वय पंचवीसच्या आतबाहेर. चौकशीत ठरत आलं होतं, की त्यानेच बंदूक नीट साफ केली नसणार. मी इस्पितळात गेलो तेव्हा पट्टी बांधलेल्या त्या पोराने मला एकच विचारलं, “मी पुसली होती हो, दोनदा पुसली होती. तरी माझंच काही चुकलं असेल का?” मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. बाहेर येऊन जिन्यावर बसलो, आणि तिथून उठलो तो थेट चौकशी अधिकाऱ्यांकडे गेलो. सगळं लिहून दिलं. बाकीच्या नऊ परत मागवल्या. त्यातल्या दोन बंदुकांमध्ये तोच दोष निघाला. त्या जवानावरचा ठपका पुसला गेला. डोळा काही परत आला नाही.

मला खालच्या जागेवर टाकलं आणि बदली केली. भर वर्षात तुझी शाळा सुटली, तुझी ती दोन वेण्यांची मैत्रीण सुटली. तू महिनाभर रडलीस आणि मग विचारलंस, “बाबा, तुमचं कुणाशीच का पटत नाही?” मी म्हटलं, साहेबांशी भांडण झालं. इतकी वर्षं तू तेच धरून चाललीस, आणि मी तुला चालू दिलं. भांडखोर बाप चालेल, पण न मोजता सही करणारा नको, असं वाटायचं.

परवा तू आईला सांगितलंस, की लिफ्टच्या ब्रेकची चाचणी पुरी न करताच अहवालावर सही कर म्हणून वरचे मागे लागलेत, सोमवारपर्यंत. मी शेजारीच होतो, सगळं ऐकलं. ठमे, मोजल्याशिवाय सही करू नकोस. नोकरी गेली तर घरी ये, आपण बघून घेऊ. आणि त्या शाळेबद्दल तुझी माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागतो.

तुझाच,
बाबा