टिपकागदाची मिशी

तीर्थरूप मामांना, भाच्याचा कोपरापासून नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल तर आधी पाणी प्या, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा हल्ली फक्त नको असलेले पाहुणे आले की दुखतो. तुमचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? (मामी म्हणत होत्या की थेंब पडायच्या वेळी तुम्ही डोळा गच्च मिटता, आणि मग औषध गालावरून ओघळलं की कंपनीला नावं ठेवता.) निवृत्तीनंतर तुम्ही भाजीवाल्याचा तराजू तपासायचं सोडलंत असं कळलं. वजनमापे निरीक्षकाला हे जड जात असेल, पण त्या भाजीवाल्याचा जीव भांड्यात पडला असेल.

पत्र लिहायचं कारण असं की माझं काम जायच्या बेतात आहे. काम म्हणजे तेच, ज्याला आपल्या घरात फक्त मी काम म्हणतो. आणि काहीही झालं तरी मी मागे हटायचं नाही असं ठरवलं आहे. ही हकीकत तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते तिखटमीठ मीच लावलेलं बरं.

टिपकागद तुम्हाला माहीत आहे. वाचला नसलात तरी मामींच्या उशाखाली पाहिला असेल. आमच्या कादंबरीकार बाईंचा हा गुप्तहेर. कुठे काही सांडलं की नेमकं टिपून घेतो म्हणून लोक त्याला टिपकागद म्हणतात. तेरा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मी त्याला उभा केला, बसवला, एकदा गटारात उतरवला, आणि तेराही वेळा त्याच्या ओठावर चांगली झुपकेदार मिशी होती. चौदाव्यावर ती नाही. झालं एवढंच. चित्र बाईंनी पाहिलं, प्रकाशकांनी पाहिलं, छापखान्यातल्या मुख्य माणसाने भिंग लावून पाहिलं (त्याने फक्त कोटाचा निळा रंग जरा जास्त झाल्याचं सांगितलं), कुणीही चकार शब्द काढला नाही. पुस्तक दुकानांत गेलं आणि संध्याकाळच्या आत एक दंतवैद्य प्रकाशकांच्या कचेरीत येऊन माझ्यासमोर टेबलावर मुठी आपटायला लागले.

हे दंतवैद्य टिपकागद चाहता मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी मला खुलासा करायला बोलावलं. सभा त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत होती, आणि जागेअभावी मला बसायला दिली ती जुनी, दात उपटायची खुर्ची. तुम्ही कधी अशा खुर्चीत आडवं पडून स्वतःच्या कलेविषयी बोलला आहात का? तोंड आपोआप उघडतं आणि शब्द बाहेर पडत नाहीत. समोर पन्नासेक माणसं, बायाबापड्यांसकट, सगळ्यांनी निषेध म्हणून काळ्या कागदाच्या मिश्या चिकटवलेल्या. एका आजीबाईंची मिशी बोलताना अर्धी सुटून लोंबत होती, आणि त्या मला विचारत होत्या की एखाद्याच्या श्रद्धेशी असं खेळताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही. मला वाटत होतं ते असं, की आजी, आधी ती चिकटवा किंवा काढा तरी. अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की तिसऱ्या पुस्तकात मिशीचं पानभर वर्णन आहे आणि ते त्यांना तोंडपाठ आहे. म्हणायला लागले तर दोन ओळींत अडकले. मग दुसऱ्याने पुढचं सांगितलं, तिसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, आणि मिशीची टोकं वर वळलेली की खाली यावरून मंडळात तिथल्या तिथे दोन तट पडले.

तेवढ्यात क्लॅरिनेटवाला उठला. रेडिओवर टिपकागदाची श्रुतिका लागते तिची सुरुवातीची धून यानेच वाजवलेली आहे, म्हणून मंडळात त्याचा मान मोठा. तो म्हणाला, मिशी गेली तसा मीही धुनेतला मधला तुकडा आज गाळून वाजवतो, म्हणजे हानी किती मोठी आहे ते कळेल. वाजवली. निम्मे लोक डोळे पुसायला लागले. उरलेले निम्मे एकमेकांना विचारत होते की गाळलं ते नक्की काय. क्लॅरिनेटवाल्याचा चेहरा जो पडला तो मला बघवेना. गेली कित्येक वर्षं तो तुकडा तो जीव ओतून वाजवतोय, मामा, आणि तो नाहीसा झाला तरी कुणाला पत्ता नाही. त्या सभेत ज्याची बाजू घ्यावी असं मला वाटलं तो हा एकटाच, आणि तोही माझ्या विरुद्ध बाजूला बसलेला.

आता समीक्षकांचं ऐका. आपल्या रविवारच्या अंकात लिहितात तेच. तेरा पुस्तकांत या गृहस्थांनी मुखपृष्ठाबद्दल 'बरे आहे' एवढंही लिहिलं नव्हतं. एकदाच उल्लेख केला होता, तोही पुस्तक पावसात भिजल्यावर रंग हाताला लागतो असा. यावेळी मात्र दीड स्तंभ. 'ओठांवरची ही मोकळी जागा म्हणजे आपल्या काळातल्या हरवलेल्या निश्चिततेचा चेहरा आहे' वगैरे. चित्रकाराने प्रचंड धैर्य दाखवलं आहे म्हणे. (पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. खून स्वयंपाक्याने केला असं लिहिलंय, आणि पुस्तकात खून नाही, हरवलेला पियानो आहे.) तरी खोटं कशाला बोलू, मी ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि बसमध्ये दोनदा काढून वाचलं. वीस वर्षं चित्रं केल्यावर कुणी धैर्यवान म्हटलं तर माणूस पियानोचा स्वयंपाकी झाल्याकडे दुर्लक्ष करतो. कात्रण वाचून संपेपर्यंत माझी खात्री पटली होती की मी ते सगळं विचारपूर्वकच केलं आहे.

मी कादंबरीकार बाईंकडेही गेलो. म्हटलं, मूळ मालकीणच सांगू दे. त्यांनी तिसरं पुस्तक काढलं, मग सगळीच काढली, आणि आम्ही दोघांनी जेवायची वेळ होईपर्यंत पानं उलटली. तेरा पुस्तकांत मिशीचा एक शब्द नाही. पानभर सोडा, केससुद्धा नाही. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, मी त्याला कधी बघितलंच नाही. मला त्याचा फक्त आवाज येतो. मिशी तुमची होती, मला वाटलं तुम्हाला काही माहीत असेल." मग म्हणाल्या की खरं तर त्यांना तो टकला वाटायचा. हे मी मंडळाला कळवलेलं नाही. त्या आजीबाईंना झेपणार नाही.

प्रकाशक मात्र बाईंच्या या खुलाशाने हलले नाहीत. ते म्हणाले, पुस्तक बाई लिहितात, मिशी लोक विकत घेतात. पंधराव्या पुस्तकावर मिशी परत आली नाही तर काम साबणाच्या वेष्टनांवर चित्रं काढणाऱ्या एका गृहस्थांना देणार. (त्यांनी मध्यंतरी तोडगाही सुचवला होता, की चौदाव्या पुस्तकासोबत गोंद लावलेली कागदी मिशी द्यावी, वाचकाने घरी जाऊन हवी तर लावावी.) मी ताठ उभा राहिलो आणि सांगून टाकलं की मी जे पाहिलं ते काढलं आहे, लोकांच्या हट्टापायी ब्रश वाकवणार नाही, वाकवायचा असता तर मीही साबणच रंगवले असते. प्रकाशक म्हणाले, साबणाला पैसे बरे मिळतात. पण माझा निश्चय झाला आहे. भाचेसूनही पाठीशी आहे. म्हणजे तिने दुसरं काम शोधून ठेवलं आहे, स्वतःसाठी. तुम्हीच मला लहानपणी सांगायचा की काट्याने जे दाखवलं ते लिहायचं, दुकानदार रडो की हसो. तेव्हा तुमच्या भाच्याकडून माघार होणार नाही, याची खात्री बाळगा.

मामींना नमस्कार, घरातल्या लहानांना पापे, आणि डोळा उघडा ठेवून थेंब घ्या.

तुमचा,
(अजून तरी) चित्रकार भाचा

ता. क. मामा, मिशी पुन्हा वाढवाल का? या महिन्याअखेरपर्यंत जमलं तर फार बरं. आता सांगूनच टाकतो. टिपकागद म्हणजे तुम्ही. मला समोर बघितल्याशिवाय चेहरा काढता येत नाही, आणि दुकानदाराच्या तराजूकडे तुम्ही जसं बघायचात तसं बघणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही. दर पुस्तकाच्या आधी मी 'सहज' येतो, तुम्ही शब्दकोडं सोडवता आणि मी समोर बसून 'सराव' करतो, तो सराव नसतो. पत्रात वर निश्चयाचं जे लिहिलं ते प्रकाशकांना दाखवायला म्हणून, एक प्रत त्यांना पाठवतोय. चित्रात मिशी मनाने घालून पाहिली. खालच्या औषधवाल्याची बघूनही घातली. भाचेसून म्हणाली, हा तर पियानो चोरणारा दिसतो.

दुसरा ता. क. मामींना यातलं काही बोलू नका. त्यांनी आईला सांगितलं आहे की घरात असा एक टिपकागदासारखा माणूस असता तर आयुष्याचं सोनं झालं असतं. त्यांच्या तोंडून त्या मिशीचं सारखं कौतुक ऐकून तुम्ही चिडलात आणि स्वतःची सफाचट केलीत असं आईचं म्हणणं आहे. खरं असेल तर चूक कुणाचीच नाही, किंवा सगळी माझी आहे.

तिसरा आणि शेवटचा. हे तिन्ही ता. क. प्रकाशकांच्या प्रतीत नाहीत. चौदाव्या पुस्तकाचा 'सराव' उरकून मी निघालो तेव्हा तुम्ही जिन्यापर्यंत आलात आणि म्हणालात, "मिशी काढून आठवडा झाला, घरात कुणी काही म्हणालं नाही." मी "छान दिसतेय" म्हटलं. तेव्हा मी मनात कोटाचा निळा रंग ठरवत होतो. तुम्ही काय बोललात ते मला दंतवैद्यांची मूठ टेबलावर आपटली तेव्हा कळलं. दुपारभर तुमच्या तोंडासमोर पेन्सिल घेऊन बसलो होतो, मामा, हाताने जसं दिसलं तसं काढलं, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. धैर्यबिर्य काही नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही अशी गावभर माणसं आज विचारतायत की यांची मिशी कुठे गेली, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं. वाढवायची नसेल तर नका वाढवू, काम गेलं तर जाऊ दे. मी रविवारी येतोय. कागद-पेन्सिल आणणार नाही.