काढा निवेपर्यंत

मोनाली,

मी टेंभुर्णीला तुझ्या आत्याकडे जातोय, संध्याकाळच्या बसने परत येईन. भाकरी झाकून ठेवली आहे, खाऊनच शाळेत जा.

आज काढा उकळू नकोस. माझ्या टीबीच्या गोळ्या संपल्या, आता लिव्हर साफ व्हावं म्हणून तू रोज परसातला भुईआवळा खुडून आणतेस. पण परवा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "तातेराव, लिव्हर बिलकुल ठीक आहे. काढाबिढा काही लागत न्हाई, घरचं साधं जेवा." हे मी तुला सांगितलंच नाही. तसाच पीत राहिलो.

काढा निवेपर्यंत तू माझ्याजवळ बसतेस. "बाबा, नाक दाबा अन् गटकन प्या, लेकरावानी तोंड करू नका," म्हणतेस. मग तू शाळेत जातेस, आल्यावर वह्या तपासत बसतेस, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही.

आज पहाटे तू कंबर धरून परसात वाकलेली दिसलीस. तोंडावर सांगायला जमलं नाही.

उद्यापासून सकाळचा चहा मी करतो. चांगला उकळता करीन, लवकर निवणार नाही असा.

— बाबा