चालणारा गिटारवाला

जामसर, गुरुवार

तीर्थस्वरूप वामनमामांच्या चरणी सुदर्शनचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? (मामी म्हणतात, जिना उतरताना अजून ओरडतो. गुडघा नव्हे, तुम्ही.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्र मात्र चष्मा पुसून, खुर्चीत बसून, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता. जीपवाला जिवा हे तुमच्या हातात देईल. सावकाश वाचा.

आश्रमशाळेतल्या क्लार्कच्या जागेसाठी तुम्ही एवढी धावपळ केलीत, उपकार मानावे तेवढे थोडेच. "गिटार माझ्या कपाटावर आणून ठेव, मगच सोमवारी हजर हो," ही तुमची अट मी मंगळवारी पाळली. इतक्या मुकाट्याने का पाळली, ते सांगायचं राहिलं.

गेल्या रविवारी सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर आमच्या ऑर्केस्ट्राला लग्नाची सुपारी होती. (अठरा वर्षं या ऑर्केस्ट्रात आहे. बॅनरवर गायक भावेशचा फोटो, कीबोर्डवाल्याचा फोटो, मागे दाभोशाच्या धबधब्याचा फोटो. माझा नाही.) भर दुपारी लाईट गेली. भावेशचा माईक गेला, कीबोर्ड गेला. माझी साधी गिटार तेवढी वाजती राहिली. भोपळ्याचा तारपा फुंकायचा, तर पाड्यावरचे तारपावाले बुध्याबाबा आदल्याच दिवशी दाढ काढून आलेले. त्यांनी सुजल्या तोंडाने माझ्याकडे बोट केलं, आणि मी वाजवू लागताच वऱ्हाडाने एकमेकांच्या कमरेला हात घालून माझ्याभोवती फेर धरला.

आता तारप्याचा नियम तुम्हाला माहीतच आहे: वाजवणारा चालेल तिकडे फेर चालतो, तो थांबेल तेव्हाच थांबतो. मी जामसरचा असून हे विसरलो. ऊन लागत होतं म्हणून वाजवत वाजवत सावलीकडे निघालो. फेर निघाला. नवरा-नवरी निघाली. वाटेत पाण्याचा टँकर आला होता. रांगेतल्या बाया हंडे ठेवून फेरात शिरल्या. (टँकरवाला म्हणे नोकरीत पहिल्यांदाच निवांत बसला.) मांडवात लग्न लावणारी धवलेरी तेवढी एकटीच गात राहिली. शेवटी मी घाबरून जिवाच्या जीपमध्ये जाऊन बसलो, तर फेर जीपभोवती. थांबलो तर ही माणसं रागावतील असं मला वाटत होतं. बोटं दुखली की हा थांबेलच, असं त्यांना. दीड तास चाललं. जिवा आत अडकला होता, त्याने झोप काढून घेतली.

भावेश म्हणाला, "तू वऱ्हाड पळवून नेलंस." मालकाने तिथल्या तिथे मला काढून टाकलं. चारचौघांत हसं झालं, फार लाज वाटली, आणि गिटारचा नाद सोडायचं ठरवलं.

आपला आज्ञाधारक भाचा,
सुदर्शन

ता. क. काल बुध्याबाबा गाल बांधून माझ्या दारात आले. म्हणाले, "आमचे पाड्यावर अजून एक लगीन हाय. उभा राहून वाजवणारा नको. तू चालतोस, तूच पायजे." मामा, अठरा वर्षांत मला मागायला पहिल्यांदाच कुणी आलं. मी हो म्हणून बसलो.

ता. क. २ लग्न सोमवारी आहे. शाळेत काय सांगायचं ते तुम्ही ठरवालच. मला एवढंच लिहायचं होतं. वरचं सगळं तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवण्यासाठी. मामींशी माझं बोलणं झालंय. तुम्ही चष्मा पुसत होता तेव्हाच त्यांनी गिटार कपाटावरून काढली. आता खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला असेल, तो जिवाच. उठू नका, जिना आहे, गुडघा सांभाळा.